मेमरीचा सातबारा

पॅच साठेक ओळींचा होता. मीच लिहिलेला, आणि त्यात दोन चुका मुद्दाम पेरलेल्या.

दर शनिवारी सकाळी पुण्यात आम्ही सात-आठ जण कोड वाचायला जमतो. बहुतेकांच्या नोकरीची पहिली दोन-तीन वर्षं चालू आहेत. कोणी सोलापूरकडचं, कोणी अकोल्याचं, एक जण कणकवलीचा. कॉलेजात त्यांना कोड लिहायला शिकवलेलं असतं, दुसऱ्याचा कोड वाचायला कुणी शिकवलेलं नसतं. मुक्त सॉफ्टवेअरचं सगळं जग मात्र या वाचण्यावर उभं आहे. कुणीतरी बदल सुचवतो, म्हणजे पॅच पाठवतो: काढायच्या ओळींपुढे वजा, घालायच्या ओळींपुढे अधिक. दुसरा कुणीतरी तो ओळ न् ओळ वाचतो, शंका विचारतो, परत पाठवतो. या वाचणाऱ्याला पगार मिळेलच असं नाही. ज्यांच्या यंत्रात तो कोड पुढे वर्षानुवर्षं चालणार आहे, त्यांना त्याचं नावही कळत नाही.

म्हणून सरावासाठी मी एक पॅच बनवला. त्यासाठी निवडला यू-बूट हा बूटलोडर, आणि त्यातला आभासी नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर. पेरलेल्या दोन्ही चुका मुलांना दीड तासात सापडल्या. त्यानंतर तिसरी सापडली. ती मी पेरलेली नव्हती.

वीज जाऊन परत आली की घरातल्या राऊटरचे दिवे एकेक करत लागतात आणि मिनिटाभराने इंटरनेट सुरू होतं. त्या मिनिटाची सुरुवात बूटलोडरची असते. प्रोसेसर जागा झालेला असतो, पण मेमरीत काही नसतं. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, कुठेतरी चिपवर, कार्डावर किंवा नेटवर्कपलीकडच्या दुसऱ्या संगणकावर पडलेला असतो. तो शोधायचा, मेमरीत आणून ठेवायचा, त्याच्या हाती कारभार द्यायचा आणि आपण नाहीसं व्हायचं, एवढंच बूटलोडरचं आयुष्य. यू-बूट हा अशा बूटलोडरांतला फार मोठा प्रकल्प. जर्मनीतल्या वोल्फगांग डेंक यांनी पॉवरपीसी प्रोसेसरसाठी २००० साली पीपीसीबूट म्हणून तो वाढवायला घेतला. २००२ मध्ये त्याचं नाव यू-बूट झालं. जर्मनमध्ये पाणबुडीलाही हाच शब्द आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये डेंक गेले. त्याच्या दहा वर्षं आधीच, २०१२ मध्ये, मुख्य देखभालीची धुरा टॉम रिनी यांच्याकडे गेली होती. किंडलसारखं वाचनयंत्र, बीगलबोनसारखे छोटे बोर्ड, कितीतरी राऊटर या कोडच्या बळावर जागे होतात.

अशा बूटलोडरला नेटवर्कचा ड्रायव्हर लागतो, कारण कर्नल नेटवर्कवरून आणायचा असतो. पण ‘आभासी’ कशासाठी? शेकडो प्रकारच्या बोर्डांवर चालणारा कोड तपासायला प्रत्येक वेळी ते बोर्ड टेबलावर मांडता येत नाहीत. मग क्यूएमू नावाच्या प्रोग्रॅममध्ये आख्खा संगणक बनवायचा आणि त्याच्यात यू-बूट चालवायचं. क्यूएमू फाब्रीस बेलार यांनी २००३ साली आणलं. त्यातला संगणक खोटा असतो, कार्डही खोटं असतं, पण यू-बूट त्यात खरोखर जागं होतं आणि पत्ता मागतं. क्यूएमूच्या साध्या मांडणीत तो १०.०.२.१५ असा मिळतो. पडद्यावर हा आकडा उमटला की अजूनही मला बरं वाटतं. जे कार्ड कुठेच नाही त्याच्यातून पॅकेट गेलं आणि उत्तर घेऊन आलं.

पूर्वी अशा आभासी संगणकांत खऱ्या कार्डाची हुबेहूब नक्कल करत. ती खर्चिक पडे, कारण खऱ्या कार्डाच्या तांब्या-सिलिकॉनच्या अडचणींचीही नक्कल करावी लागे. त्यात प्रत्येक आभासीकरण प्रणालीची आपली वेगळी रीत. रस्टी रसेल यांनी २००८ साली व्हर्टआयओची मांडणी प्रसिद्ध केली, तेव्हा एकट्या लिनक्स कर्नलमध्ये अशा निदान आठ प्रणाली नांदत होत्या. रसेल यांचं म्हणणं साधं होतं: हे कार्ड खोटं आहे हे दोघांनाही माहीत आहे, मग नक्कल कशाला? पाहुणा म्हणजे आभासी संगणक आणि त्याला चालवणारा यजमान संगणक यांनी मेमरीचा एक तुकडा सामाईक ठेवावा, त्यात नोंदी कराव्यात आणि एकमेकांना हाक मारावी. पुढे त्याचं मानक झालं. ओएसिस या संस्थेने त्याची १.० आवृत्ती काढली. यू-बूटमध्ये व्हर्टआयओ आलं ते तुओमास टिन्कीनेन आणि बिन मेंग यांच्या २०१८ च्या कामातून. जानेवारी २०१९ च्या आवृत्तीपासून ते सर्वांच्या हाती आहे. आमचा पॅच त्याच ड्रायव्हरवर बेतलेला होता.

या नोंदी कशा असतात हे मुलांना समजावताना मला दरवेळी अण्णा आठवतात. माझे वडील तलाठी होते. कुणी जमिनीचा उतारा घेऊन आला की ते मालकाच्या नावाकडे नंतर बघत. त्यांचं बोट आधी जाई ते उजवीकडच्या ‘इतर हक्क’ या रकान्यावर. सोसायटीचं कर्ज घेतलं की तिथे बोजा चढतो, आणि फेडल्यावर तो कमी करून घ्यावा लागतो. पैसे फेडले, पण बोजा कमी करायचा राहिला, अशी प्रकरणं ते आयुष्यभर निस्तरत आले. मालक कोण हे सगळेच सांगतात, आज या जमिनीवर हात कोण ठेवू शकतो ते बघ, असं ते म्हणत.

व्हर्टआयओत या नोंदींची जी रांग असते, ती म्हणजे असाच उतारा आहे. तिचे तीन भाग. पहिला तक्ता: मेमरीतली अमुक जागा, इतकी लांब, कार्डाने ती फक्त वाचायची की तिच्यात लिहायचं. प्रत्येक नोंद १६ बाइटची. दुसरी वही ड्रायव्हरची: ‘ही जागा मी कार्डाच्या ताब्यात देत आहे.’ तिसरी वही कार्डाची: ‘ही जागा मी परत करत आहे, आणि तिच्यात इतके बाइट लिहिले आहेत.’ दुसऱ्या वहीत नोंद पडल्यापासून तिसऱ्या वहीत नोंद पडेपर्यंत त्या जागेवर कार्डाचा बोजा असतो. तेवढा काळ ड्रायव्हरने तिला हात लावायचा नाही. नोंदींचा क्रमही पाळायचा असतो. तक्त्यातली नोंद पुरी झाल्याशिवाय ती दुसऱ्या वहीत दिसता कामा नये. हल्लीचे प्रोसेसर वेगाच्या नादात लिहिण्याचा क्रम बदलतात, म्हणून मध्ये एक आडकाठी घालून त्यांना थांबवावं लागतं.

एवढं समजलं की पॅच वाचायला फक्त एक प्रश्न हातात ठेवायचा: ही जागा आत्ता कोणाची?

पहिली पेरलेली चूक कणकवलीच्या मुलाला सापडली. प्रत्येक पॅकेटच्या पुढे व्हर्टआयओचा छोटा हेडर असतो. जुन्या पद्धतीच्या कार्डात तो १० बाइटचा असतो, १.० पासूनच्या नव्या मानकात १२ बाइटचा. मूळ ड्रायव्हर कार्ड जुनं की नवं हे विचारून लांबी ठरवतो. माझ्या पॅचने ‘सुटसुटीत’ करायच्या नावाखाली सगळीकडे १२ लिहून टाकले होते. नव्या पद्धतीच्या कार्डावर चालवलं तर सगळं सुरळीत. क्यूएमूमध्ये मात्र एआरएमच्या नेहमीच्या आभासी यंत्रावर एमएमआयओ मार्गाने कार्ड जोडलं तर ते वेगळं काही न सांगता जुन्या पद्धतीनेच वागतं. तिथे आलेल्या प्रत्येक पॅकेटचे पहिले दोन बाइट गिळले जातात, म्हणजे पत्त्याचंच डोकं उडतं. त्या मुलाने मला सरळ विचारलं, “सर, तुम्ही हे कोणत्या यंत्रावर चालवून पाहिलंत, ते पॅचच्या वर्णनात का नाही लिहिलं?” रिव्ह्यू करणाऱ्याने विचारायचा हा अगदी पहिला प्रश्न. पॅच पाठवणाऱ्याने तो विचारायची वेळच येऊ देऊ नये.

दुसरी चूक जास्त खोल होती. पॅकेट घेण्यासाठी हा ड्रायव्हर सुरुवातीलाच ३२ बफर कार्डाच्या ताब्यात देतो, प्रत्येक १५२६ बाइटचा. १५०० बाइटचा मजकूर, १४ बाइटचा इथरनेटचा मथळा आणि १२ बाइटचा व्हर्टआयओचा हेडर. पॅकेट आलं की कार्ड एक बफर परत करतं, यू-बूट ते वाचतं आणि बफर पुन्हा कार्डाकडे सोपवतं. बत्तीस घागरींचा हा रहाट अखंड फिरत राहतो. माझ्या पॅचने एक सुरक्षेची तपासणी घातली होती: कार्डाने सांगितलेली लांबी हेडरहूनही कमी असेल तर चूक म्हणून परत फिरायचं. दिसायला ही तपासणी अगदी शहाणपणाची आहे. पण यू-बूटचा वरचा थर बघितला तर ड्रायव्हरने चूक कळवल्यावर तो बफर परत सोपवण्याचं फंक्शन बोलावतच नाही. म्हणजे असं प्रत्येक पॅकेट एक घागर रहाटावरून काढून नेतं. बत्तिसाव्या वेळी कार्डाकडे एकही बफर उरत नाही. यू-बूट विचारत राहतं, कार्ड गप्प, आणि पडद्यावर चुकीचा एक शब्दही नाही. हे सापडायला पॅचच्या बाहेर जाऊन, पॅचने न बदललेली दुसरी फाइल वाचावी लागते. अकोल्याच्या मुलीने ती आपणहून उघडली, तेव्हाच मला कळलं की ही पोरगी पुढे चांगली रिव्ह्यूअर होणार.

‘लांबी’ या आकड्यावर मी एवढा जोर देतो, त्याला कारण आहे. २०१९ साली सेमल या कंपनीच्या संशोधकांनी यू-बूटच्या नेटवर्क कोडमध्ये एका दमात तेरा सुरक्षा-त्रुटी दाखवल्या. त्यांतल्या बहुतेक दुसऱ्या संगणकावरच्या फाइली एनएफएस पद्धतीने आणणाऱ्या भागात होत्या, आणि बहुतेकांची जात एकच होती. पॅकेटमध्ये कुणीतरी लिहून पाठवलेली लांबी, आणि तिच्यावर विश्वास ठेवून तितके बाइट मेमरीत उतरवून घेणारा कोड. संशोधकांनी संगणकालाच विचारलं होतं की बाहेरून आलेला आकडा न तपासता नक्कल करणाऱ्या फंक्शनपर्यंत कुठे पोचतो. तो कोड वर्षानुवर्षं तिथे होता आणि अनेकांच्या डोळ्यांखालून गेलेला होता. तो वाचणारी माणसं निष्काळजी होती असं मी म्हणणार नाही. नेटवर्कच्या दुसऱ्या टोकाला आपलाच सर्व्हर आहे, असं धरून वाचण्याचा तो काळ होता.

आज दुसऱ्या टोकाचं कार्डही आपलं धरता येत नाही. पाहुणा संगणक भाड्याच्या यजमानावर चालतो, आणि यजमानावर विश्वास नसतानाही पाहुण्याने तगावं अशी मागणी होते. सामाईक मेमरीतल्या नोंदी कार्ड कधीही बदलू शकतं. म्हणून यू-बूटमध्ये २०२२ साली त्या तक्त्याची एक खाजगी प्रत ठेवण्याची तजवीज झाली. काय दिलं आणि किती दिलं हे ड्रायव्हर आता आपल्याजवळच्या प्रतीत बघतो, सामाईक कागदावर विसंबत नाही. अण्णांच्या कचेरीत शहाणा शेतकरी जुना उतारा घरच्या ट्रंकेत जपून ठेवायचा, तसंच.

आता तिसरी चूक.

मूळ ड्रायव्हरमध्ये पॅकेट पाठवण्याचं फंक्शन फार साधं आहे. हेडर तयार करतो, हेडर आणि पॅकेट दोन्ही कार्डाच्या ताब्यात देतो, हाक मारतो, आणि कार्ड ते परत करेपर्यंत जागच्या जागी गोल फिरत राहतो. या फिरण्याला कसलीही मुदत नाही. नवशिक्याला ही जागा लगेच खुपते, कारण कार्डाने उत्तरच दिलं नाही तर यू-बूट तिथेच अडकणार. माझा पॅच खरा वाटावा म्हणून त्यात एक चांगली सुधारणा असावी, असं मला वाटलं. मी मुदत घातली: एका सेकंदात उत्तर आलं नाही तर चूक कळवून परत फिरायचं. पॅचच्या वर्णनात मी या सुधारणेची बढाई मारली होती, आणि मनापासून मारली होती.

सोलापूरची मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिने वहीत एक चौकोन काढला आणि माझ्यासमोर सरकवला. “सर, तुम्ही परत फिरलात. पण कार्डाने जागा परत दिलेली नाही. मग ती जागा आत्ता कोणाची?”

मी कोडकडे पाहिलं. हेडर हा त्या फंक्शनचा स्थानिक चल होता, म्हणजे स्टॅकवर. फंक्शन संपलं की ती जागा मोकळी होते आणि पुढचं कुठलंही फंक्शन तिथे आपलं सामान मांडतं. कार्डाच्या वहीत मात्र ती जागा अजून त्याच्याच ताब्यात. यजमान संगणकावर ताण होता म्हणून कार्डाला सव्वा सेकंद लागला, तर ते त्या पत्त्यावर जाऊन हेडर समजून जे सापडेल ते वाचेल. पॅकेटची गतही तीच. यू-बूट पाठवायचं पॅकेट एका ठरलेल्या जागेत बांधतं आणि पुढचं पॅकेटही तिथेच बांधतं. म्हणजे पहिल्याच्या नावाने अर्धवट बांधलेलं दुसरं बाहेर पडू शकतं. कार्ड इथे फक्त वाचतं, लिहीत नाही, त्यामुळे मेमरी बिघडणार नाही. पण जे पाठवलंच नव्हतं ते तारेवर जाईल.

अकोल्याच्या मुलीने लगेच पुढचा धागा ओढला. पुढचं पॅकेट पाठवताना ड्रायव्हर ‘काही परत आलं का’ एवढंच विचारतो. उशिरा आलेली पहिल्याची पोच तो दुसऱ्याची समजेल, आणि तिथून पुढे प्रत्येक पोच एका पॅकेटाने मागे पडेल. परत आलेल्या जागेचा पत्ता ताडून पाहावा, तर तेही कामाचं नाही. हेडर दोन्ही वेळी स्टॅकवर बहुधा त्याच ठिकाणी बसणार, म्हणजे दोघांचा पत्ता एकच.

ज्या गोल फिरण्याला मी कुरूप समजत होतो, त्यानेच बोजा सांभाळलेला होता. कार्डाने जागा परत केल्याशिवाय फंक्शनमधून बाहेर पडायचंच नाही, एवढ्या एका अटीवर स्टॅकवरचा हेडर सुरक्षित होता. ती अट कुठे लिहून ठेवलेली नव्हती. मी ती मोडली आणि वर सुधारणा म्हणून मिरवली. मी मुदतीकडे बघत होतो, आणि ती मुलगी ताब्याकडे बघत होती.

मला लाज वाटली नाही, आनंद झाला. घरी जाऊन अण्णांना फोन केला. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत, स्टॅक आणि बफर त्यांना माहीत नाहीत. मी सांगितलं, भाडेकरूने घर सोडलं असं गृहीत धरून मी दुसऱ्याला किल्ली दिली. ते म्हणाले, “फेरफार न बघता?” फेरफाराची रीतच तशी आहे. तलाठी नोंद घेतो, संबंधितांना नोटीस जाते, पंधरा दिवस हरकतींची वाट पाहतात, आणि मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. नोंद लिहिणाऱ्याने स्वतःच ती प्रमाणित करायची नाही. मुक्त सॉफ्टवेअरमध्येही पॅच लिहिणारा शेवटी आपली सही करतो. हे काम माझं आहे आणि ते द्यायचा मला हक्क आहे, एवढंच ती सही सांगते; लिनक्समध्ये ही प्रथा २००४ मध्ये सुरू झाली. वाचणाऱ्याची ओळ वेगळी असते. ती लिहिणारा कोड बिनचूक असल्याची हमी देत नाही. मी हे खरोखर वाचलं आहे आणि माझ्या ज्ञात शंका मिटल्या आहेत, असं तो म्हणतो. या ओळीसाठी मी लोकांना घाई करताना पाहतो, आणि वाचल्याशिवाय ती देणारेही पाहतो. ज्याला वाचायला वेळ नाही त्याने गप्प राहावं. न वाचता दिलेल्या सहीने मागून येणारा खरा वाचकही निर्धास्त होतो.

त्या दिवशी चहानंतर आम्ही आणखी एक जागा वाचली, माझ्या पॅचमध्ये नसलेली. बूटलोडर कर्नलच्या हाती कारभार देतो त्या क्षणी घेण्याच्या रांगेतले बत्तीस बफर कार्डाच्याच ताब्यात असतात. तसंच सोडून यू-बूट नाहीसं झालं, तर त्या पत्त्यांवर आता कर्नलचा संसार असेल, आणि नेटवर्कवर कुणी सर्वांना उद्देशून हाक मारली की कार्ड ते पॅकेट तिथे नेऊन लिहील. इथे कार्ड लिहितं, म्हणून हा धोका आमच्या तिसऱ्या चुकीहून कितीतरी मोठा. चालू रांग मध्येच थांबवायचा काही मार्ग नाही, आख्खं कार्डच पूर्वस्थितीला न्यावं लागतं, अशी नोंद मूळ ड्रायव्हरच्या थांबवण्याच्या फंक्शनमध्ये लेखकांनी करून ठेवली आहे. ‘या यंत्राचा मेमरीत थेट वावर आहे’ अशी खूणही त्यांनी ड्रायव्हरला लावली आहे. निघण्यापूर्वी यू-बूट अशी खूण असलेले ड्रायव्हर शोधतं आणि एकेकाला निरोप देतं, आणि निरोपात हे कार्ड पूर्वस्थितीला जातं. बोजा उतरवून मगच जमीन पुढच्याच्या नावावर. ती एक खूण पॅचमधून गळली तर चाचण्या तरीही पास होतील. बिघाड होईल तो पुढे कर्नलमध्ये, कधीतरीच, आणि त्याचा माग बूटलोडरपर्यंत काढणं फार कठीण जाईल. मुलांना मी त्या खुणेचा शब्द फाइलच्या शेवटच्या ओळींत शोधायला लावला. सापडल्यावर सगळे क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले.

पुढच्या शनिवारी मी पॅचची दुसरी आवृत्ती आणली. हेडर आता स्टॅकवर नव्हता. ड्रायव्हरच्या स्वतःच्या, कायम राहणाऱ्या मेमरीत त्याला जागा केली होती, आणि पॅकेटचीही तिथेच प्रत घेतली होती. मुदत ठेवली होती. ती संपली की चूक कळवायची, पण जागा मोकळी धरायची नाही. पुढचं पॅकेट पाठवण्याआधी कार्डाने आधीची जागा परत केली का ते बघायचं, केली नसेल तर नकार द्यायचा. वर्णनात दोन्ही प्रकारच्या कार्डांवर चालवून पाहिल्याचं लिहिलं होतं, आणि तिसरी चूक कुणी दाखवली तेही. सोलापूरच्या मुलीने कागद घेतला, पेन्सिल काढली आणि ‘दुसऱ्या आवृत्तीत काय बदललं’ हा माझा परिच्छेद ओलांडून पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. अकराव्या ओळीशी ती थांबली.

“सर, ही प्रत घेताना पॅकेटची लांबी कुणी तपासली?”